ऑनलाइन बिझनेस स्टॅटिस्टिक्सचा कोर्स कसा पूर्ण करावा: सातव्या आठवड्यात अडकू नका

गणपती जवळ आले की मला फोन सुरू होतात. "ताई, कोर्स सोडून देऊ का? आत्तापर्यंत सगळं येत होतं, आता काहीच कळत नाहीये." ठाण्यात नौपाड्याला आमच्या घरी गेली नऊ वर्षं कॉमर्सची आणि बीएमएसची मुलं स्टॅटिस्टिक्स घेऊन येतात. काही कळव्याहून येतात, काही ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली-घणसोलीहून. हा विषय मी स्वतः तीन वेगवेगळ्या ऑनलाइन कोर्सेसमधून केला आणि त्यातला पहिला नेमका याच जागी सोडला होता. म्हणून "रोज दोन तास व्हिडिओ बघा", "फॉर्म्युल्यांचा तक्ता भिंतीवर लावा" असले सल्ले ऐकले की माझा संताप होतो. मुलं जिथे अडतात तिथे या दोन्हींचा काडीचा उपयोग होत नाही.

नाव नोंदवण्याआधी

कोर्सचे क्रेडिट्स तुमच्या मार्कशीटवर चढणार का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस स्वयं या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करता येतात, पण तुमच्या कॉलेजने तो विशिष्ट कोर्स मान्य केलेला असावा लागतो. "सरांनी चालेल म्हटलंय" यावर विसंबू नका. ईमेल हवा.

मार्कांचा हिशोब

स्वयंवरच्या एनपीटीईएल (आयआयटींनी चालवलेल्या) कोर्समध्ये असाइनमेंटला २५ आणि शेवटच्या परीक्षेला ७५ मार्क असतात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्हीकडे वेगवेगळे. शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी वेगळी भरावी लागते. बारा आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे चार चुकल्या तरी मार्क जात नाहीत.

घात इथेच होतो. जुलैत सुरू झालेल्या कोर्सचा सहावा-सातवा आठवडा साधारण गौरी-गणपतीच्या आसपास पडतो. घरात पाहुणे, आरत्या, कोकणात जायचं तिकीट. मुलं म्हणतात, चार सोडता येतात ना, मग ही सोडू. आणि बहुतेक कोर्सेसमध्ये नेमका त्याच सुमाराला सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशनचा, म्हणजे नमुन्यांच्या सरासऱ्या कशा पसरतात याचा, धडा असतो. पुढचे सगळे आठवडे त्या एका धड्यावर उभे आहेत. चार सोडायच्याच असतील तर दुसऱ्या कुठल्याही सोडा. गावाला जाणार असाल तर तो धडा आधी उरकून मग गाडीत बसा.

पहिले पाच आठवडे

सरासरी, मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधला), आलेख, प्रोबॅबिलिटी म्हणजे शक्यता, नॉर्मल कर्व्ह म्हणजे घंटेसारखा आलेख. यात अवघड काही नाही, व्हिडिओ दीडपट वेगाने बघा आणि गणितं हाताने सोडवा.

फक्त एक गोष्ट इथेच पक्की करा. एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनची, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत हे मोजण्याची, दोन फंक्शन्स आहेत, एकाच्या शेवटी पी, दुसऱ्याच्या शेवटी एस. तुमच्या हातात सगळाच्या सगळा डेटा असेल तर पी. त्यातला नमुनाच असेल तर एस, कारण तिथे भागताना संख्येतून एक वजा करतात. असाइनमेंटमधलं उत्तर दशांशात जरासं चुकतंय असं वाटलं तर दहातल्या आठ वेळा कारण हेच निघतं.

सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन: इथे थांबा

आता मुद्द्याचं. या धड्यावर मी पहिल्या खेपेला तीन आठवडे घालवले होते. तेच लेक्चर चार वेळा पाहिलं. प्रत्येक वाक्य कळायचं आणि गणित चुकायचं. दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच समजत होते, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. ज्या क्लासला मी पैसे भरले होते तिथे तर "हे सोडून द्या, फॉर्म्युला पाठ करा" असं सांगितलं. ते ऐकून मी पाठ केला, आणि परीक्षेत कुठला फॉर्म्युला कुठे लावायचा हे न कळून रडकुंडीला आले. हा सल्ला तुम्हाला कुणीही दिला तर ऐकू नका.

त्यापेक्षा हे करा. व्हिडिओ बंद करा. एक स्टीलचा डबा, कागद, कात्री आणि पेन घ्या. वीस चिठ्ठ्या कापा. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलावर बससाठी वीस दिवस किती मिनिटं थांबावं लागलं, असं समजून एकेका चिठ्ठीवर हे आकडे लिहा: २, ३, ३, ४, ४, ५, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ९, १०, ११, १३, १५, १९, २८. तो २८ चा दिवस म्हणजे धो धो पाऊस लागलेला.

यांची सरासरी ८.५ मिनिटं येते, मीडियन ६.५. त्या पावसाच्या दिवसाने आणि आणखी दोन-तीन वाईट दिवसांनी सरासरी वर ओढली. स्टँडर्ड डेव्हिएशन, सगळ्या चिठ्ठ्या हातात असल्यामुळे पी वालं, ६.१६ येतं. (एस लावलंत तर ६.३२. बघा, हाच तो दशांशातला फरक.) चिठ्ठ्यांवरचे वीसही आकडे आणि खाली ही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता डब्यात हात घाला. एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा. असं चार वेळा. चार आकड्यांची सरासरी काढा आणि ती दुसऱ्या पानावर लिहा. समजा ५, ७, २८, ४ निघाले, तर सरासरी ११. पुन्हा चार काढा: ३, ६, १०, ५. सरासरी ६. पुन्हा: १३, २, ८, ६. सरासरी ७.२५. असं चाळीस वेळा करा. कंटाळा येईल, तरी करा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि या कोर्सातला याच्याइतका कामी आलेला पाऊण तास मला आठवत नाही. मोबाइलवर बटण दाबून हेच करणारी अॅप्स मिळतात. ती नंतर वापरा. पहिल्यांदा चिठ्ठी बोटांत यायला हवी.

चाळीस झाल्यावर दोन्ही पानं शेजारी ठेवा. पहिल्या पानावर दिवस आहेत, दुसऱ्या पानावर सरासऱ्या. हीच ती दोन वेगळी पानं, जी मी एक समजत होते.

पहिल्या पानावर २८ आहे. दुसऱ्या पानावर २८ सापडणार नाही, कारण त्यासाठी चारही वेळा तीच एक चिठ्ठी हाताला लागायला हवी, आणि तसं होण्याची शक्यता १,६०,००० मध्ये एक आहे. वाईट दिवसासोबत बरे दिवसही हातात येतात आणि सरासरीला मध्याकडे खेचून आणतात. म्हणून दुसरं पान ८.५ च्या भोवती जास्त दाटीने जमतं. किती जास्त, ते मोजता येतं: ६.१६ ला ४ च्या वर्गमूळाने भागा, म्हणजे ३.०८. याचं नाव स्टँडर्ड एरर. स्टँडर्ड डेव्हिएशन पहिल्या पानाचा पसारा सांगतं, स्टँडर्ड एरर दुसऱ्या पानाचा. चारऐवजी सोळा-सोळा चिठ्ठ्या काढल्या तर दुसऱ्या पानाचा पसारा १.५४ वर येतो. नमुना चौपट केला की एरर निम्मा होतो, चौथा हिस्सा होत नाही. परीक्षेत हे हमखास विचारतात.

दुसऱ्या पानाचा आलेख काढा. पहिल्या पानाचा आकार एका बाजूला लांब शेपूट असलेला आहे. दुसऱ्याची शेपूट आखूड झालेली दिसेल, आणि नमुना मोठा घेत गेलात तर तो घंटेसारखा होत जाईल. सेंट्रल लिमिट थिअरम हे भारदस्त नाव याच गोष्टीचं आहे. हे डोळ्यांनी बघितलेल्या मुलाला मला पुन्हा समजवावं लागलेलं नाही.

गणित सोडवताना प्रत्येक वेळी समासात आधी एक शब्द लिहा: "दिवस" की "सरासरी". प्रश्न "एखाद्या दिवशी १२ मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागेल का" असा असेल तर पहिलं पान आणि ६.१६. "सोळा दिवसांची सरासरी १२ पेक्षा जास्त असेल का" असा असेल तर दुसरं पान आणि १.५४. मी पहिल्या खेपेला सगळीकडे मूळ स्टँडर्ड डेव्हिएशनच लावत गेले होते. आकडेमोड प्रत्येक वेळी बरोबर आणि उत्तर प्रत्येक वेळी चूक.

पी-व्हॅल्यू, त्याच डब्यातून

डबा फेकू नका. समजा पुढच्या महिन्यात तुम्ही सोळा दिवस वेळ मोजली आणि सरासरी १२ मिनिटं आली. बस खरंच बिघडली, की नुसता योगायोग? नल हायपोथिसिस म्हणते, काही बदललं नाही, डबा तोच आहे. मग त्या डब्यातून सोळा चिठ्ठ्या काढून सरासरी ८.५ पासून इतकी लांब जाणं किती दुर्मीळ आहे? १२ वजा ८.५ म्हणजे ३.५, भागिले १.५४, म्हणजे झेड (सरासरी किती स्टँडर्ड एरर लांब गेली) साधारण २.२७. दोन्ही टोकं धरून पी-व्हॅल्यू ०.०२३ च्या आसपास. शेपूटवाल्या डेटाला सोळाचा नमुना थोडा लहानच आहे, तेव्हा हा आकडा ढोबळ धरा.

याचा अर्थ वहीत शब्दांत लिहा: डबा तोच असता, तर सरासरी इतकी किंवा याहून लांब जाण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के. "डबा तोच असण्याची शक्यता २.३ टक्के" असं लिहिलंत तर ते साफ चूक आहे. आपण डबा तोच धरूनच हिशोब केला होता, त्यामुळे तो तसा असण्याची शक्यता या हिशोबातून निघूच शकत नाही. ही चूक चांगल्या नोकरीतली माणसं प्रेझेंटेशनमध्ये करतात, आणि परीक्षेत चार पर्यायांपैकी एक पर्याय हमखास हा असतो.

झेड की टी

आपल्याला डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या माहीत होत्या, म्हणून झेड. खऱ्या कामात डबा दिसत नाही. तिथे नमुन्यावरूनच स्टँडर्ड डेव्हिएशन काढावं लागतं, त्यात आणखी थोडी अनिश्चितता येते, आणि त्यासाठी झेडच्या जागी टी आहे. ही पद्धत विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ते डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांच्या हाताशी नमुने लहानच असायचे.

"तीसच्या वर नमुना गेला की झेड लावा" हा नियम मला मान्य नाही. तो छापील तक्त्यांच्या काळातला आहे. तीस आकड्यांच्या नमुन्याला, दोन्ही टोकं मिळून ५ टक्क्यांच्या मर्यादेवर, टीचा आकडा २.०४५ येतो, झेडचा १.९६, आणि एक्सेलला दोन्ही सारखेच सोपे आहेत. मूळ डब्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन माहीत नसेल तर टी लावा. मात्र तुमच्या कोर्सच्या सरांनी तीसचा नियम शिकवला असेल तर परीक्षेपुरता तो पाळा. उत्तरं त्यांच्या पद्धतीने तपासली जाणार आहेत.

रिग्रेशन

रिग्रेशन म्हणजे डेटामधून सगळ्यात जवळची रेषा बसवणं. आधी आलेख काढा, मग समीकरण. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये चार डेटासेट दिले: सरासऱ्या, कोरिलेशन (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात), रिग्रेशनची रेषा जवळजवळ सारखी, आणि आलेख पाहिले तर चारही एकमेकांपासून पूर्ण वेगळे. एक्सेलमध्ये डेटा अॅनालिसिसचा पर्याय दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या अॅड-इन्समध्ये जाऊन टूलपॅक चालू करा.

परीक्षा

परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन, संगणकावर द्यायची असते, बहुधा शनिवारी किंवा रविवारी. ठाण्याच्या मुलाला केंद्र नवी मुंबईत मिळू शकतं आणि वाशीच्या मुलाला इकडे. रविवार असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी वाचा. ट्रान्स हार्बर बंद असली की ठाणे-वाशी प्रवासाचा अंदाज रस्त्याने बांधावा लागतो, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याकडची एक मुलगी ऐरोलीच्या सिग्नलला अडकून गेट बंद झाल्यावर पोहोचली. वर्षभराची तिची मेहनत होती. मला ते अजून लागतं.

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. डब्याची ती दोन पानं उघडा, पाच जुनी गणितं घ्या, आणि सोडवायच्या आधी प्रत्येकाच्या समासात "दिवस" की "सरासरी" एवढंच लिहा. पाचही बरोबर आली की हॉल तिकीट आणि ओळखपत्र बॅगेत टाकून झोपा.