चौथीचा अभ्यास घरी घेताना भागाकारातलं शून्य आधी सोडवा

चौथीत मुलांपुढे मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास आणि शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. हे सगळं घरी सारख्याच जोराने घ्यायची गरज नाही. बरेचसे विषय मूल वाचत, विचारत, गप्पा मारत शिकतं. मोठ्या माणसाने शेजारी ठाण मांडून बसावं अशी जागा एकच, ती म्हणजे भागाकार. वर्षानुवर्षं चौथीचा वर्ग घेतल्यावर हे मी ठामपणे सांगते.

दोन ते दहाचे पाढे पक्के नसतील तर भागाकाराला हात लावू नका.

६३९ ÷ ३ सारखं उदाहरण मुलं झटकन सोडवतात आणि घरच्यांना वाटतं, आला भागाकार. आता ६१८ ÷ ६ द्या. बऱ्याच वह्यांत उत्तर येतं १३. मग कोणीतरी सांगतं, “भाग जात नसेल तर शून्य लाव आणि पुढचा अंक उतरव.” हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. मूल काही दिवस तो पाळतं, मग विसरतं. काही मुलं तर नको तिथेही शून्य लावतात. ९६ ÷ ६ करताना ३ उरले, ३ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून शून्य, उत्तर १०६! मुलाने नियम पाळला, आणि तरी उत्तर चुकलं.

त्याऐवजी कागदाच्या नोटा करा: शंभराच्या, दहाच्या, एकच्या. ६१८ रुपये मांडा आणि समोर सहा वाट्या ठेवा. शंभराच्या सहा नोटा वाटल्या, प्रत्येक वाटीत एक. दहाची नोट एकच आहे, ती सहा जणांत वाटता येत नाही. इथे थांबा आणि विचारा, “प्रत्येकाला दहाच्या किती नोटा मिळाल्या?” मूल म्हणेल, “एकही नाही.” ते “एकही नाही” म्हणजेच दशकाच्या घरातलं शून्य. ते मुलाच्याच हाताने लिहून घ्या, तुम्ही लिहू नका. मग दहाची नोट मोडा. आता एकच्या अठरा झाल्या, प्रत्येकाला तीन. उत्तर १०३.

लगेच ९६ ÷ ६ही नोटांनीच करा. दहाच्या नऊपैकी प्रत्येकाला एक मिळाली, तीन उरल्या. दशकाचा वाटा लिहून झालेला आहे, त्यामुळे उरलेल्या तीन मोडून, आधीचे सहा मिळवून छत्तीस एकक वाटायचे. उत्तर १६. एका घरात एकच अंक, हे मुलाला इथे डोळ्यांनी दिसतं.

आपल्यापैकी अनेकांना भागाकाराचं उत्तर भाज्याच्या, म्हणजे ज्या संख्येला भागायचं तिच्या, उजवीकडे लिहायची सवय आहे. शिकवताना ती सोडा. श, द, ए अशी घरं आखून उत्तर भाज्याच्या वर लिहायला लावा, शतकावर शतक, दशकावर दशक. रिकामं राहिलेलं घर मुलालाच खुपतं.

पुढची उदाहरणं ८४० ÷ ४ आणि ५०२५ ÷ ५. पहिल्यात मुलांकडून शेवटचं शून्य गळून २१० ऐवजी २१ उरतं, दुसऱ्यात दोन शून्यं लागतात. नोटा काढून घेण्याची घाई करू नका. मूल स्वतःच “आता नकोत” म्हणेल. एका बैठकीला पन्नास उदाहरणं घालणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. चार पुरेत, पण प्रत्येकाचा पडताळा हवा: भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. ६१८ ÷ ६चं उत्तर १३ लिहिलं असेल, तर १३ × ६ = ७८ आलं की चूक मुलालाच सापडते.

बाकीचा अर्थही विचारा. ३८ मुलं, एका गाडीत ६, तर गाड्या किती? भागाकार ६, बाकी २, पण गाड्या ७ लागतात.

परिसर अभ्यासातला नकाशा भिंतीवर टांगून शिकवू नका, नाहीतर उत्तर दिशा म्हणजे वरची बाजू असं मुलाच्या मनात बसतं. तो जमिनीवर पसरा, सूर्य उगवतो ती बाजू दाखवून नकाशाची पूर्व तिकडे करा, मग आपला जिल्हा शोधायला सांगा.

इतिहास त्याच नकाशावर घ्या. शिवनेरी, पुरंदर, आग्रा, रायगड अशी बोटं ठेवत १६३०चा जन्म, १६६५चा तह, १६६६ची सुटका, १६७४चा राज्याभिषेक सांगा. राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचं वय किती, हे वजाबाकी करून काढू द्या. सनावळ्या घोकाव्या लागत नाहीत.

मराठीचा धडा रोज मोठ्याने वाचून घ्या आणि पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. इंग्रजीलाही हेच, फक्त उतारा लहान घ्या.

मूल कंटाळलं असेल तर त्या दिवशी भागाकार काढू नका, वाचन घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं ताजं असताना दोन उदाहरणं झाली तरी बास.