२० सेकंद म्हणजे २०च: रेडिओ जाहिरातीत उतरताना या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी रेडिओ जाहिरातींना आवाज देऊ पाहणारा कुणी नवखा विचारतो, "दादा, माइक कुठला घेऊ?" २० सेकंदांत शब्द किती बसतात, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि हातचं काम जातं ते नेमकं तिथंच.

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून आजच्या खासगी एफएमपर्यंत हा धंदा सेकंदांवर चालतो. भाव बहुतेक १० सेकंदांचा असतो. ग्राहकाने २० सेकंदांचे पैसे भरले आणि तुमचा स्पॉट, म्हणजे तयार जाहिरात, २२ चा निघाला, तर तो स्पॉट परत येणार. माझं माप ठरलेलं आहे: २० सेकंदांना ४० शब्द. मोबाइल नंबर असेल तर आणखी सात-आठ शब्द काढायचे, कारण १० आकडे नीट म्हणायला चार-पाच सेकंद जातातच.

नवखे काय करतात? ५५ शब्द धापा टाकत वाचतात आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये दामटतात. मीही केलंय. दसऱ्याच्या तोंडावर एका फर्निचरवाल्याचा स्पॉट होता. "साठ हजारांच्या खरेदीवर मिक्सर मोफत." दुकानमालकांना तीन शाखांचे पत्ते हवे होते, आणि मला नाही म्हणवेना. २४ सेकंदांचं वाचन मी ताणून-दाबून २० वर आणलं. स्टुडिओत हेडफोनवर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. रिक्षातल्या स्पीकरवर मात्र 'साठ' मधला 'ठ' चेपला गेला आणि लोकांनी 'सात' ऐकलं. पहिल्याच शनिवारी साडेसात हजारांची खुर्ची घेऊन माणसं मिक्सर मागायला उभी! मालकांनी काही मिक्सर देऊन टाकले आणि माझ्या बिलातून वळते केले. चूक माझीच होती, काय बोलणार?

तेव्हापासून सात आणि साठ शेजारी येऊ शकतील अशा ठिकाणी मी 'सहा-शून्य' म्हणतो किंवा वाक्यच बदलतो. संहिता हातात आली की ती घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने वाचतो. मनातल्या मनात वाचलेलं कायम वेळेत बसतं, त्याच्यावर विसंबू नका. आणि तयार स्पॉट मोबाइलच्या फुटक्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना ऐकतो. ऐकणारे तसंच ऐकतात.

दुसरी गोष्ट, 'अटी लागू' आधी विचारा. बिल्डरचं काम असेल तर महारेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि तो लांबलचक असतो. ग्राहकाला त्याची आठवण नेमकी मिक्सिंग झाल्यावर येते.

पंखा बंद करा. होय, मे महिन्यातही. महागड्या कंडेन्सर माइकला शेजारच्यांची मिक्सी आणखी छान ऐकू येते. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा किंवा डोक्यावर गोधडी घ्या.

डेमोत, म्हणजे काम मागताना पाठवायच्या आवाजाच्या नमुन्यात, रेडिओ निवेदक अमीन सयानींची नक्कल नको, एखाद्या नटाची तर नकोच. आवाजाची नक्कल आता कोर्टापर्यंत जाते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, तो एआयने केलेल्या त्याच्या आवाजाच्या नकलेवरूनच. डेमो एक मिनिटाचा पुरे, आणि पहिल्या पाच सेकंदांत तुमचा स्वतःचा आवाज हवा.

पार्श्वभूमीला सिनेमातलं गाणं टाकू नका. फाइल डब्ल्यूएव्हीच (आवाज न दाबलेली) पाठवा. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट म्हणजे स्पॉट नव्हे.

'चांगला' आणि 'जास्त' हिंदीतल्या 'चाय' आणि 'जीत' सारखे म्हणणाऱ्यांना मी दुसरा टेक देतो, तिसरा नाही. घरी रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. याला ॲप नाही.

आता पैशाचं. एका महिन्यासाठी, फक्त रेडिओकरता केलेला माझा आवाज दोन वर्षांनी मला भर बाजारात टेम्पोवरच्या भोंग्यातून ऐकू आला. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्हीच ना ते? छान झालंय हो!" वापराबद्दल लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती. आता कोटेशनमध्ये चार ओळी असतात: किती सेकंद, कुठलं माध्यम, किती महिने, किती दुरुस्त्या. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला निम्मे पैसे. आणि पूर्ण रक्कम येईपर्यंत ग्राहकाकडे जाते ती मधोमध 'टूं' वाजणारी फाइल.