मंदीत शिक्षकाची नोकरी शोधताना आधी मुलं कुठे गेली ते बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फौंड्र्यांच्या पाळ्या कमी झाल्या की दोन-तीन महिन्यांत त्याचा धक्का शाळेच्या ऑफिसात जाणवतो. हातकणंगले तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. २००८ नंतर आणि पुन्हा २०२० मध्ये हे सगळं जवळून पाहिलं. आधी फीचा दुसरा हप्ता थकतो. मग इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून दाखले निघायला लागतात. पुढच्या जूनला ती शाळा दोन तुकड्यांची एक करते आणि तिथल्या मॅडम घरी बसतात. मुलं मात्र कुठल्या ना कुठल्या शाळेत जातातच. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं, कुणी महापालिकेच्या, कुणी आमच्यासारख्या हायस्कूलला येतं. डी.एड., बी.एड. झालेली पोरं अजून घरी येतात आणि विचारतात, "मॅडम, कुठं जागा हाय का?" मी त्यांना सांगते, जागा नंतर शोधा, आधी मुलं कुठे सरकली ते शोधा.

हे शोधणं अवघड नाही. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या भागातल्या शाळांत जाऊन यायचं आणि पट वाढला की घटला एवढंच विचारायचं. इचलकरंजीत माग बंद पडले, हुपरीत चांदीचं काम मंदावलं, गोकुळ शिरगावात ओव्हरटाइम बंद झाला, की आजूबाजूच्या कोणत्या सरकारी शाळेत गर्दी झाली ते तिथले मुख्याध्यापक चहा घेता घेता सांगतात. शहरात महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. मंदीत अशी ओढ आणखी शाळांकडे वळते.

पट वाढला म्हणून लगेच पद मिळत नाही. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं, मग पद मंजूर व्हायचं, मग ते भरायचं. मधल्या काळात वर्ग तर चालवावाच लागतो. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समिती किंवा गावकरी लोकवर्गणीतून गावातल्याच एखाद्या डी.एड.वाल्या मुलीला बोलावतात. कुठे प्रसूती रजेमुळे सहा महिने वर्ग रिकामा असतो. पैसे थोडे असतात, पण मी हे काम घ्या असंच म्हणते, एका अटीवर: संध्याकाळचे दोन तास अभ्यासाला उरले पाहिजेत. ज्या वर्गात औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची हिंदी बोलणारी मुलं आहेत, तिथे धीराने शिकवणाऱ्या माणसाला मुख्याध्यापक सहसा सोडत नाहीत.

आता परीक्षांचं. पहिली ते आठवीसाठी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागतेच. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सोबत सीटीईटीचाही फॉर्म भरा. ती केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, तिच्यात मराठी भाषा निवडता येते, आणि नवोदय, केंद्रीय विद्यालय अशा शाळांची दारंही तिच्यामुळे उघडतात.

टीईटी पास झालं म्हणजे नोकरी लागली असं अजून बऱ्याच घरांत वाटतं. निवड ठरते ती टीएआयटी म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. २०० प्रश्न आणि फक्त दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इथे ज्ञानापेक्षा हाताचा वेग कमी पडतो. म्हणून घड्याळ लावून संगणकावर सराव करा. वहीवर सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांनी ती सवय लागत नाही. ही परीक्षा दरवर्षी होईल असं धरून बसू नका. २०१७ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. मधल्या पाचेक वर्षांत कितीतरी हुशार मुलं दुकानात, बँकेच्या वसुलीत, कुठे कुठे गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग पवित्र पोर्टल, म्हणजे राज्य सरकारचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ. तिथे मुलाखतीशिवायच्या आणि मुलाखतीसह अशा दोन्ही जागा असतात. प्राधान्यक्रम भरताना आमच्याकडची मुलं कोल्हापूर, सांगली लिहून थांबतात. रत्नागिरी, सिंधुदुर्गही भरा, पण तिथे राहायची तयारी असेल तरच. पुढे बदली होईल या भरवशावर भरू नका. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, ठरावीक मानधनावर, जातात. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. खोलीभाडं आणि गावी येण्याजाण्याचा खर्च यातूनच निघायचा आहे, हे घरच्यांसमोर बसून मांडा.

कागदांची फाईल आजच करा. लग्न झालेल्या मुलींसाठी मुद्दाम सांगते: पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर तिसरंच, अशी फाईल कागदपत्र पडताळणीला नेली की टेबलापाशी रडायची वेळ येते. नावातला बदल राजपत्रात छापून घ्या आणि त्याच्या प्रती फाईलमध्ये ठेवा. जात पडताळणी आणि नॉन क्रिमिलेअर यांची तारीख जाहिरात यायच्या आधी बघा.

मुलाखतीत पाठ घ्यायला लावतात. संस्थेची माणसं मागे बसलेली असतात आणि उमेदवार त्यांच्याकडे बघून शिकवत राहतो. आमच्याकडे आठवीला शेकडेवारीच्या पाठासाठी एक मुलगी आली होती. तिने फळ्यावर व्याख्या लिहिलीच नाही. विचारलं, "कुणाच्या घरचा ऊस कारखान्याला जातो?" निम्म्या वर्गाने हात वर केले. "उतारा बारा टक्के पडला तर एका टनाला साखर किती?" शेवटच्या बाकावरचा एक पोरगा, जो माझ्या तासाला कधी तोंड उघडत नसे, जागेवरूनच म्हणाला, "एकशेवीस किलो." तिने शाबासकी देऊन त्याला खाली बसवलं नाही. "कसं काढलंस, इथं येऊन सगळ्यांना दाखव," म्हणून खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहिली. त्याची एक पायरी चुकली तेव्हा तिने लगेच दुरुस्त केली नाही, वर्गाकडे बघितलं. दोघी-तिघींनी चूक सांगितली. तेवढ्यातच आमचा निर्णय झाला. पाठाची तयारी करायची तर अशी करा. त्या गावातल्या मुलांच्या घरी काय चालतं ते आदल्या दिवशी जाऊन बघून या. शिरोळला ऊस आणि पूर, इचलकरंजीला कापडाचे मीटर, गगनबावड्याला पाऊस.

कायम जागा मिळेपर्यंत शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएस (आठवीतल्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) यांच्या तयारीचे वर्ग घेता येतात. कागलच्या नवोदयसाठी पाचवीतल्या मुलांचे पालक मंदीतही पैसे बाजूला काढतात. एमएस्सी, एमए झालेल्यांनी सेटचा, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्याच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास सोडू नये, आणि जून-जुलैत महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वावरच्या (तासागणिक मानधनाच्या) जाहिराती स्थानिक पेपरात रोज बघाव्यात.

पैशाबद्दल स्पष्ट सांगते. मंदीत घर अडचणीत असतं आणि नेमका तेव्हाच कुणीतरी येऊन "संस्थेत जागा आहे, एवढे लाख भरा, मागच्या तारखेची मान्यता काढून देतो" असं म्हणतो. बाप शेत गहाण टाकायला निघतो. टाकू देऊ नका. २०२५ मध्ये नागपूरकडे बनावट शालार्थ आयडीचं (शिक्षकाचा पगार काढायला लागणाऱ्या क्रमांकाचं) प्रकरण बाहेर आलं आणि त्यात अधिकाऱ्यांना अटक झाली. खोट्या मान्यतेवरची नोकरी कधीही जाऊ शकते, आणि भरलेले पैसे परत मागायला पावतीही नसते. परीक्षेचा पेपर आधी देतो म्हणणाऱ्यालाही उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

खासगी संस्थेत रुजू होण्याआधी ऑफिसात उभं राहून विचारा. पद अनुदानित आहे का, अंशतः असेल तर किती टक्के? बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदांच्या यादीत, ते कोणत्या प्रवर्गाचं आहे? पूर्वीचा शिक्षक का गेला? पगार बँकेत जमा होणार की हातात मिळणार? विनाअनुदानित शाळा असेल तर सुट्टीच्या मे महिन्याचा पगार देतात का, हेही विचारा. एप्रिलअखेर कमी करून जूनला परत बोलावणाऱ्या शाळा आहेत. हे विचारलं म्हणून कुणी रागावत असेल तर ती शाळा सोडून द्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या, झेरॉक्सवर स्वतःची सही करून तेवढीच द्या. नेमणुकीचं पत्र जावक क्रमांक आणि तारखेसह हातात पडल्यावरच हजेरीपटावर पहिली सही करा, आणि वर्ष संपताना अनुभवाचा दाखला मागून घ्या, तोही जावक क्रमांकासह.