लेकीला घेऊन मेमध्ये ठाण्यात उतरायचंय: खोली ठरवायची तयारी

मागच्या मे महिन्यात मी लेकीला घेऊन साताऱ्याहून तीन दिवसांसाठी ठाण्याला गेले होते. मुंबई दाखवायची, पण मुक्काम ठाण्यात करायचा, कारण दादर-फोर्टपेक्षा खोली स्वस्त पडते आणि स्टेशनावर गेलं की लोकल मिळते. बेत बरोबर होता, खोली चुकली. मधला अख्खा दिवस दहा वर्षांची पोर ताप आणि उलट्यांनी कॉटवर पडून होती. ज्यासाठी ती वर्षभर मागे लागली होती ते राणीच्या बागेतले पेंग्विन राहूनच गेले. या मेमध्ये आम्ही पुन्हा निघतोय, म्हणून तयारी लिहून काढतेय. पोरीला घेऊन एकटीच निघणारी आणखी कुणी असेल तर तिलाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी, भाडं विचारायच्याही आधी, लॉजवाल्याला एक प्रश्न विचारायचा: खोलीच्या डोक्यावर काय आहे? वर दुसरी खोली असेल तर पुढे बोला. गच्ची असेल तर फोन ठेवा.

मी मागच्या वेळी मजला विचारला होता. "तिसरा मजला आहे, ताई, लिफ्ट आहे," असं उत्तर मिळालं आणि मी खूश झाले. डास कमी, आवाज कमी, वारा येईल असं वाटलं. इमारत मुळात किती मजल्यांची आहे हे मात्र विचारलं नाही. ती तीनच मजल्यांची होती. आमच्या वर थेट गच्ची, आणि गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. म्हणून एक प्रश्न पुरत नाही, दोन विचारायचे: इमारत किती मजल्यांची, आणि आमची खोली कितव्या मजल्यावर. फोटोवर विसंबू नका. फोटोत पीओपीचं छत आणि त्यातले पिवळे दिवे छान दिसतात, त्या पीओपीच्या वर काय आहे ते दिसत नाही.

एवढं काय त्यात, असं वाटत असेल तर हे वाचा. ठाणे साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर तिथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. शाळांना सुटी असते, आपण सहलीला निघतो, त्याच दिवसांत स्लॅबवर वर्षातलं सगळ्यात सरळ ऊन पडत असतं. स्लॅब ते दिवसभर पितो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून दुपारी बारा वाजता खोली पाहिली तर बरी वाटते आणि रात्री दहाला तीच खोली भट्टी होते. वर ठाण्यातली दमट हवा. आपल्याकडे साताऱ्यात ऊन कडक असलं तरी रात्री अंग सुकतं. तिथे घाम सुकतच नाही, पंखा नुसता गरम हवा फिरवतो.

एसी होता. चालूही होता. एसी हवा गार करतो, पण डोक्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. रात्री नऊला मी लेकीचं तोंड धुवायला बाथरूममध्ये गार पाण्याचा नळ सोडला आणि हात मागे घेतला. पाणी गरम होतं. गिझर बंद होता, तरी गरम. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दिवसभर तापून खाली येत होतं. बादली भरून तासभर ठेवली तरी ते कोमटच राहिलं. पोरीनं चादर काढून फरशीवर अंथरली आणि ओला नॅपकिन पोटावर घेऊन झोपली. मध्यरात्रीनंतर कधीतरी तिला डोळा लागला. सकाळी पाठीवर आणि मानेवर घामोळं, दुपारी ताप. मी भाड्यात रोजचे तीनशे रुपये वाचवले होते, कारण वरच्या मजल्याच्या खोल्या स्वस्त असतात. त्या स्वस्त का असतात हे तेव्हा कळलं.

तेव्हा पुन्हा सांगते. शेवटचा मजला नको. कितीही स्वस्त असला, बाल्कनी असली, समोर तलावपाळीचा तलाव दिसत असला तरी नको. गच्चीवर पत्र्याची मोठी शेड असेल तर स्लॅबवर सावली पडते, मग नाइलाज असेल तर चालेल. पण खोलीलाच पत्र्याचं छप्पर असेल, म्हणजे गच्चीवर नंतर चढवलेला मजला असेल, तर त्याचा विचारही करू नका.

खिडकीची दिशा हा याचाच दुसरा भाग. पश्चिमेची नको, संध्याकाळचं तिरपं ऊन थेट कॉटवर येतं. मेमध्ये दक्षिणेची चांगली. हे ऐकायला उलटं वाटेल, पण या दिवसांत सूर्य डोक्यावरून किंवा थोडा उत्तरेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही. फोनवर दिशा विचारली की लॉजवाले गोंधळतात. सरळ विचारा, "संध्याकाळी पाचला खोलीत ऊन येतं का?" याचं उत्तर पटकन मिळतं.

आणि खिडकी आहे का, हेही विचारा. स्टेशनजवळच्या जुन्या लॉजांमध्ये खिडकीच्या जागी डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या बंद पोकळीकडे, उघडणारी झडप असते. मुलीला घेऊन तिथे राहू नका, वास येतो आणि दिवस आहे की रात्र ते कळत नाही.

आता भाग कोणता निवडायचा. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, गेटवे करायचं असेल तर ठाणे, म्हणजे मध्य रेल्वेनं भायखळा आणि सीएसएमटी सरळ गाठता येतं. नवी मुंबईत काम असेल किंवा पाहुणे असतील तर वाशी-नेरुळ, तिथून हार्बर मार्गाची लोकल. दोन्हीकडे जायचं असेल तरी ठाणेच सोयीचं, कारण नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल ठाण्याहूनच सुटते आणि ठाण्यात बहुतेक वेळा बसायला जागा मिळते. ठाणे म्हणजे देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचं शेवटचं स्टेशन, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ती इथे आली. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती फलाटावर उभी राहून रूळ बघत बसली होती. तिच्या सहलीतला तो चांगला अर्धा तास.

पत्त्यात "ठाणे पश्चिम" लिहिलंय म्हणून भुलू नका. स्टेशनासमोरचा गोखले रोडही ठाणे पश्चिम आणि घोडबंदर रोडचं पार टोकही ठाणे पश्चिम. घोडबंदरला खोली मोठी आणि नवी मिळते, पण रोज स्टेशन गाठायचं म्हणजे कोंडीत तासभर, आणि परतताना थकलेलं पोर मांडीवर. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. किमान भाड्यात स्टेशनापर्यंत पोचता येईल अशीच खोली बघा. नौपाडा, राम मारुती रोड, तलावपाळीचा परिसर, हे बरं. रात्री नऊला दुकानं उघडी असतात, बायका-मुलं रस्त्यावर असतात, खानावळी चालत अंतरावर. जांभळी नाक्याला बाजार आहे, पहाटेच गलका सुरू होतो. पूर्वेला कोपरी, तिकडे स्टेशन जवळ पडतं.

नवी मुंबईत एक गोष्ट लक्षात ठेवा. वाशीच्या एपीएमसी मार्केटलगत, म्हणजे घाऊक बाजाराजवळ, लॉज स्वस्त असतात. मे म्हणजे हापूसचा हंगाम, आंब्याच्या गाड्या रात्रभर येत-जात राहतात, झोप विसरा. खारघर मोकळं आहे, सेंट्रल पार्क आहे, पण मुंबईला रोज जाण्यासाठी लांब. शिवाय तिथे उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते. पाणी कुठेही उतरलात तरी विचारा: चोवीस तास आहे की वेळेनं, आणि शटडाउनचा वार कोणता. ठाण्यातही एखादा दिवस पाणी बंद असतं. आणि टाकी गच्चीवर उघड्यावर असेल तर वरच्या मजल्याला ते सगळ्यात गरम येतं, हे आधी सांगितलंच आहे, पुन्हा सांगते.

पैशाचं. सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो सध्या ५ टक्के आहे, कुणी जास्त सांगितला तर बिल मागा. जादा गादीचे पैसे वेगळे असतात. दहा वर्षांची मुलगी आईजवळ झोपते, गादी लागत नाही, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर तिथे गेल्यावर "जादा माणसाचं भाडं" सुरू होतं. चेकआउट दुपारी बाराला की आल्यापासून चोवीस तास, हे तर नक्की विचारा. आमची एसटी पहाटे पोचली आणि बाराचा नियम होता, म्हणजे सहा तासांसाठी एका दिवसाचं भाडं जात होतं. या वेळी दुपारी पोचणारी गाडी धरली आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलांनाही अर्धं, त्यामुळे दोघींचं मिळून एक पूर्ण तिकीट होतं. त्यात वाचलेले पैसे खोलीवर घालते आहे, मधल्या मजल्याच्या.

ओळखपत्र दोघींचं हवं, लेकीचंही. मी माझं आधार नेलं, तिचं घरी राहिलं, आणि काउंटरवर अर्धा तास शाळेच्या ओळखपत्रावर वाद घालावा लागला. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, झेरॉक्स द्यायची तर ती द्या.

खोलीत शिरल्यावर आधी आतली कडी लावून बघा. नुसतं लॅच असेल तर दुसरी खोली मागा. लाजू नका. बाथरूमच्या दाराला आतून कडी लागते का तेही बघा. दुपारी तीन ते पाचमध्ये पोचत असाल तर पिशव्या खाली ठेवायच्या आधी कॉटच्या बाजूच्या भिंतीला आणि शक्य असेल तर छताला हात लावा. गरम लागलं तर तिथेच सांगा, पैसे द्यायच्या आधी. मी दिल्यानंतर सांगितलं, खोली बदलून मिळाली नाही.

त्याहून चांगलं म्हणजे कुणाला तरी आधी बघायला पाठवा, आणि सकाळी नाही, दुपारी चारला. माझ्या वन्सं कळव्याला राहतात. मागच्या वेळी त्यांना सांगितलंच नाही. त्यांच्याकडे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात मेमध्ये आधीच पाहुणे, आणखी ओझं कशाला, असं वाटलं. उतरायला जाऊ नका, पण मदत मागायला हरकत नसते. या वेळी त्यांना फोन केला, चार खोल्यांची नावं दिली. दोन बघितल्याबरोबर त्यांचा फोन आला, "वहिनी, पहिली नको, वर गच्ची आहे. दुसऱ्या खोलीत मी चार वाजता पाच मिनिटं बसले, भिंत गार आहे. खिडकीतून शेजारच्या इमारतीची सावली येते." चार मजल्यांची इमारत, दुसरा मजला. मी तिथेच ॲडव्हान्स पाठवला. रोजचे तीनशे रुपये जास्त जातात. जाऊ देत.

बरोबर काय न्यायचं ते तुम्हाला माहीत आहे. ओआरएसची पाकिटं, सुती कपडे, पाण्याची मोठी बाटली, घामोळ्याची पावडर. एक पातळ सुती चादर आपली असू द्या, लॉजची जाड असते. स्विचबोर्ड कॉटपासून लांब असतात, एक्स्टेंशन न्या.

दिवसाचं. सकाळी लवकर बाहेर, दुपारी बारा ते चार सावलीत, म्हणजे वस्तुसंग्रहालय किंवा खोली. खोलीत दुपारी परत येता येईल का, हे खोली निवडतानाच धरून चाला, आणि परत येऊन दुपारी झोपता यावं म्हणूनच मधला मजला. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद असतात, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. घारापुरी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. संध्याकाळी तलावपाळीला बोटीत बसवा, मुलांना आवडतं.

निघायच्या दिवशी फार काही नाही. बिल आदल्या रात्री मागा, चार्जर बघा, बाथरूममधला टॉवेल घ्या, गाडीच्या एक तास आधी निघा.

आम्ही मंगळवारी दुपारी पोचतोय. बुधवारी वस्तुसंग्रहालय. गुरुवारी सकाळी सगळ्यात आधी पेंग्विन, मग बाकीचं.