दहा आकडी आयएसबीएन तेरा आकडी करताना

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर चढवायचं काम गेल्या पावसाळ्यात माझ्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअर आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे, तेरा आकडेच घेतं. २००७च्या आधीच्या पुस्तकांवर असतात दहा. मी शहाणपणा करून पुढे नुसतं ९७८ चिकटवलं आणि दुपारभर ‘क्रमांक अवैध’ वाचत बसले. त्यातून एखादा क्रमांक योगायोगाने बसायचा, त्यामुळे चूक माझीच आहे हे कळायलाही चहाची वेळ झाली.

नमुन्यादाखल मी रचलेला हा क्रमांक घ्या: ८१-८५२१०-११-एक्स. ८१ म्हणजे भारत. नव्या पुस्तकांवर ९३ही दिसेल. ८५२१० हा प्रकाशक, ११ हे त्याचं पुस्तक. प्रकाशकाने पाच घरं अडवली की पुस्तकांना दोनच उरतात, ०० ते ९९. शंभर पुस्तकं झाली की त्याला नवा क्रमांक मागावा लागतो. मोठ्या प्रकाशकाचा क्रमांक आखूड असतो, म्हणजे पुस्तकांना जागा जास्त. मला तर आता रेघा कुठे पडल्यात यावरूनच दुकान केवढं ते कळतं.

शेवटचा एक्स म्हणजे रोमन दहा. तो ताळा आहे, म्हणजे आधीचे आकडे बरोबर आहेत ना हे तपासायचा आकडा, आणि माझी गफलत तिथेच होती. जुना ताळा अकराच्या हिशोबाने काढायचे, नवा दहाच्या. म्हणून आधी तो खोडायचा, मग पुढे ९७८ लावायचं: ९७८८१८५२१०११. आता डावीकडून एक आकडा तसाच, पुढचा तिप्पट, असं करत बेरीज करा. ९, २१, ८, २४, १, २४, ५, ६, १, ०, १, ३. झाले १०३. पुढचा दहाचा पाढा ११०, कमी पडले ७. तोच नवा ताळा: ९७८-८१-८५२१०-११-७. बेरीज नेमकी दहाच्या पटीत आली तर ताळा शून्य.

ताळा जुळला म्हणून गाफील राहू नका. शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट टाइप झाले आणि त्यांच्यात पाचाचा फरक असला, जसे २ आणि ७, तर नवा ताळा ती चूक पकडत नाही. जुना पकडायचा! म्हणून मी क्रमांक मोठ्याने वाचते आणि मदतनीस मुलगी पडद्यावर बोट ठेवून तपासते.

बारकोडखालच्या आकड्यांवरूनही क्रमांक घेता येतो, पण ते ९७८ किंवा ९७९ने सुरू होतायत ना बघा. ८९० दिसलं तर तो बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसला मालाचा कोड. आमच्याकडे भेट आलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यातल्या दोन वह्या तशाच पुस्तकं म्हणून चढता चढता राहिल्या. आणि ज्या पुस्तकांवर आयएसबीएनच नाही, त्यांचा रकाना सरळ रिकामा ठेवा. आमच्या दोन कपाटांचा तसाच आहे.