वाळूच्या पेटीत हिमालय

दोन पुठ्ठे समोरासमोर ढकलून हिमालय दाखवला की मुलांना फक्त घडी कळते. पण तिथे थर तुटून एकमेकांवर चढलेही आहेत, आणि ते कोरड्या वाळूत स्वच्छ दिसतं.

साधारण 40 सेंमी लांब, 15 सेंमी रुंद काचेची पेटी घ्या. माशांची जुनी टाकी चालते. आत आडवी बसेल अशी प्लायची फळी कापा, तिच्या खालच्या आणि बाजूच्या कडांना फोमची पट्टी चिकटवा. पट्टी नसेल तर वाळू फळीमागे निसटते आणि डोंगर वाढतच नाही. वाळू उन्हात पूर्ण वाळवून पिठाच्या चाळणीने चाळा. ओल राहिली तर ती ढेकळांनी फुटते, थर सरकत नाहीत.

फळी एका टोकाला उभी करा. पुढे 1 सेंमी वाळू, तिच्यावर रंगीत रांगोळीचा पातळ थर, असं तीनदा, दर वेळी रंग बदलून. थर पट्टीने सपाट करा, दाबू नका. फळी म्हणजे तिबेटची बाजू, वाळू म्हणजे भारताच्या कडेचे थर. प्रत्यक्षात भारत उत्तरेकडे वर्षाला सुमारे 5 सेंमी सरकतो, पण इथे फळी सरकवली तरी परिणाम तोच.

आता फळी अगदी सरळ धरून एका वेळी 1 सेंमी ढकला आणि दर वेळी थांबून काचेतून बघा. फळी कलली की एकाच बाजूला ढीग होतो. थोड्याच वेळात फळीकडे उतरत जाणारी तिरपी चीर पडेल: हा प्रस्तरभंग. तिथे रांगोळीची रेघ तुटून खालचा रंग वरच्या रंगावर चढलेला दिसेल, म्हणजे जुना थर नव्याच्या डोक्यावर. ही जागा मुलांना बोटाने दाखवाच. आणखी ढकलल्यावर पुढची चीर फळीपासून लांब पडते. हिमालयातही अशाच मोठ्या चिरा आहेत, त्यांना थ्रस्ट म्हणतात: मेन सेंट्रल थ्रस्ट आधीचा, त्याच्या दक्षिणेचा मेन बाउंड्री थ्रस्ट नंतरचा, आणि शिवालिकच्या पायथ्याचा मेन फ्रंटल थ्रस्ट सर्वांत नवा, आजही सक्रिय.

10 सेंमी ढकलून झाल्यावर माथ्यावरची वाळू चमच्याने काढून पायथ्याशी पसरा. गंगेचं मैदान अशाच गाळाने भरलं आहे.

मुलं सह्याद्रीबद्दल हमखास विचारतात. तो या पेटीत बसवू नका: तिथला काळा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, एकावर एक साचलेल्या आणि बहुतेक ठिकाणी अजूनही जवळपास आडव्याच असलेल्या थरांचा आहे.