पर्शियन मांजर शोसाठी कसं तयार करावं

पिल्लू घेण्याआधी परीक्षक गुण कशाला देतात ते पाहा. अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनच्या, म्हणजे सीएफएच्या मानकात पर्शियनच्या १०० गुणांपैकी ३० डोक्याला आहेत. डोळ्यांचा आकार आणि कानांची ठेवण त्यातच येते. २० गुण शरीराच्या बांध्याला, २० रंगाला, १० डोळ्यांच्या रंगाला, ५ तोलाला, ५ रेखीवपणाला आणि उरलेले १० कोटला, म्हणजे अंगावरच्या केसांना. म्हणजे बहुतेक गुण पिल्लू जन्मताच ठरलेले असतात. पण अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या सगळ्याच मांजरांची डोकी चांगली असतात. तिथे निकाल लागतो तो कोट, अंगातली रया आणि परीक्षकाच्या टेबलावरचा शांतपणा यांवर, आणि या तीन गोष्टी पूर्णपणे पाळणाऱ्याच्या हातात आहेत.

पिल्लू निवडताना

'डॉल फेस', 'सेमी पंच', 'ट्रिपल कोट' हे विक्रेत्यांचे शब्द आहेत. मानकात ते नाहीत. त्यांच्यावर पैसे मोजू नका. आधी वंशावळीचा कागद मागा आणि पिल्लू १२ आठवड्यांचं होण्याआधी घरी आणू नका. त्याला बाजूने पाहा: कपाळ, नाक आणि हनुवटी साधारण एका उभ्या रेषेत हवीत. पिल्लू झोपलेलं असताना कान जवळ नेऊन श्वास ऐका. घरघर येत असेल किंवा नाकपुड्या चिमटलेल्या दिसत असतील, तर चेहरा कितीही गोड असला तरी घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशा मांजराचे फार हाल होतात.

मग शेपटी मुळापासून टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हलक्या हाताने सरकवा. कुठे गाठ किंवा कोन लागला, तर मांजर शोमध्ये बाद होतं. बोटं मोजा, पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार. तिरळे डोळे, चेहऱ्याच्या दोन बाजूंतला फरक, एकरंगी मांजराच्या छातीवर किंवा पोटावर पांढरा ठिपका, यांनीही बाद होतं. बोका असेल तर दोन्ही वृषणं उतरली आहेत का, हे वयात येईपर्यंत तपासत राहावं लागतं.

आई-बापाचा पीकेडीचा, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीजचा अहवाल पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. सदोष जनुकाची एकच प्रत आली तरी आजार होतो, म्हणून एक पालक बाधित असला तरी साधारण निम्म्या पिल्लांना धोका असतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी कोणत्याही वयात होते. सोनोग्राफीवर भरवसा ठेवायचा, तर मांजर दहा महिन्यांचं तरी हवं.

कागद नसलेलं मांजर घरात असेल, तर त्यालाही शोची दारं बंद नाहीत. हाउसहोल्ड पेट या वर्गात वंशावळ लागत नाही; तिथे आरोग्य, निगा आणि स्वभाव पाहतात. आपलं गल्लीतलं साधं मांजरही या वर्गात दिमाखात बसू शकतं. भारतात शोसाठी फेलाइन क्लब ऑफ इंडियाकडे चौकशी करा; हा क्लब वर्ल्ड कॅट फेडरेशनशी संलग्न आहे. वयोगट आणि वर्ग संस्थेप्रमाणे बदलतात. सीएफएमध्ये चार ते आठ महिन्यांची पिल्लं वेगळी आणि त्यापुढची मोठी वेगळी असतात. नसबंदी झालेल्या मोठ्या मांजरांचा गटही स्वतंत्र असतो. अर्ज भरण्याआधी त्या शोचे नियम नीट वाचा. १५ अंकी मायक्रोचिप आधीच बसवून घ्या आणि तिचा नंबर लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या.

घरातली शिस्त

तिहेरी लस आठव्या आठवड्यापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत; रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यानंतर. तारखा तुमचे पशुवैद्य ठरवतील. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत खाणं पिल्लांचंच द्या. चपट्या तोंडाला खोल वाटी अडचणीची होते, म्हणून पसरट, उथळ ताटली ठेवा. दूध देऊ नका. बहुतेक मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात, आणि मागच्या मांड्यांचे लांब केस घाणीने चिकटून महिनाभराची मेहनत वाया जाते.

फरशी फिनेलने पुसत असाल तर आजपासून बंद करा. मांजराच्या यकृताला फिनॉलवर्गातली रसायनं नीट निकामी करता येत नाहीत, आणि पंजाला लागलेलं ते चाटून थेट पोटात घेतं. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिन असलेली पिसवांची औषधं आणि पॅरासिटामॉल या दोन्हींनी मांजराचा जीव जाऊ शकतो.

कोट

इथे घाई चालत नाही. शोच्या तीन-चार महिने आधीपासून आठवड्याला एक अंघोळ आणि रोज विंचरणं, एवढं ठरवूनच सुरुवात करा. विंचरायला रुंद आणि बारीक अशा दोन्ही दातांचा स्टीलचा कंगवा घ्या. तारांचा स्लिकर ब्रश आतली मऊ लव ओढून काढतो. शेपटीवर आणि गळ्याभोवतीच्या झालरीत तो अजिबात फिरवू नका. कोरडे केस विंचरले की तुटतात आणि त्यांत स्थिर वीजही भरते, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारा. गुंता नेहमी ठरावीक जागी होतो: कानांमागे, काखेत, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला. गाठ सापडली तर ती मुळाशी बोटांनी धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवा.

अंघोळीआधी नखं कापा आणि सगळे केस विंचरून गुंता पूर्ण काढा. गाठ भिजली की तिची नमद्यासारखी घट्ट गोळी होते आणि मग ती कापावीच लागते. पाणी ३७-३८ अंशांचं, म्हणजे मनगटाला कोमट लागेल इतपत. शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. विशेषतः बोक्यांत तिथले केस पिवळट आणि तेलकट होतात. त्या जागी, कानांमागे आणि झालरीत तेल काढणारा शॅम्पू आधी कोरड्या केसांवरच चोळा, दोन-तीन मिनिटं ठेवा, मग भिजवा. त्यानंतर पातळ केलेला नेहमीचा शॅम्पू दोनदा. चेहऱ्यावर पाणी ओतू नका, ओल्या कापडाने पुसा.

सगळ्यात जास्त वेळ खळबळायला द्या. केस बोटांत धरून ओढल्यावर चुरचुर आवाज आला पाहिजे. थोडाही शॅम्पू राहिला तर दुसऱ्या दिवशी कोट चिकट होऊन बसतो. कंडिशनर अगदी थोडा, तोही फक्त टोकांना लावा. पर्शियनचा कोट अंगापासून फुलून उभा दिसायला हवा, आणि जास्त कंडिशनरने तो लोळतो.

टॉवेल दाबून पाणी टिपा, चोळू नका. ड्रायर कमी उष्णतेवर आणि जोरदार हवेवर ठेवा. सुरुवात पोट आणि पायांपासून करा, कारण तिथले केस आपोआप वाळले की कुरळे होतात आणि कुरळा कोट टेबलावर लगेच दिसतो. हवेचा झोत मारत मुळापासून वर, केसांच्या उलट दिशेने विंचरत राहा. पूर्ण वाळायला तास-दीड तास सहज जातो. तळहात केसांत घालून कातडीला टेकवा. गार लागलं तर अजून ओल आहे. पावसाळ्यात ही ओल विशेष घातक, कारण दमट कातडीवर बुरशी लवकर पसरते.

शेवटची अंघोळ शोच्या आदल्या दिवशी. पावडर वापरलीच, तर शेवटचा कणही विंचरून निघाला पाहिजे. डोळ्यांखालचं पाणी दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपा, दर डोळ्याला वेगळा बोळा. तपकिरी डाग एकदा बसला की महिनोन्‌महिने जात नाही.

नायट्यासाठी तपासणी महिनाभर आधी करा. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी पर्शियनमध्ये वारंवार आढळते. वूड्स लॅम्पखाली, म्हणजे पशुवैद्यांकडच्या अतिनील दिव्याखाली, तिच्या सगळ्या जाती चमकत नाहीत, त्यामुळे दिव्याखाली काही दिसलं नाही म्हणजे मांजर स्वच्छ, असं होत नाही. केसांचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते पाहणारी चाचणी, करून घ्या. त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

सराव आणि शोचा दिवस

पिल्लू घरी आल्यापासून रोज पाच मिनिटं त्याला टेबलावर ठेवा. घरच्यांखेरीज शेजारीपाजारी, पाहुणे यांच्याकडूनही उचलून घ्या. परीक्षक मांजर दोन हातांवर लांब धरतात, शेपटी चाचपतात, तोंड बघतात आणि पिसाचं खेळणं हलवून त्याची नजर वर आणतात. या सगळ्याची सवय लावा. पिंजऱ्यात आधी अर्धा तास, मग हळूहळू तीन-चार तास बसवा. मिक्सर किंवा कुकरची शिट्टी चालू असताना बसवलं तर सभागृहातल्या गलक्याची तयारी आपोआप होते.

सोबत घरचीच वाळू आणि घरचंच पाणी न्या. नव्या पाण्याने पोट बिघडू शकतं. लसीकरणाचं कार्ड, पिंजऱ्याचे पडदे, कंगवा, कापूस, टिश्यू, एक जादा टॉवेल. सकाळी थोडंसंच खायला द्या. प्रवेशापाशी पशुवैद्य डोळे, कान, नाक, कोट आणि पिसवा तपासतात. एका मांजरात खोट सापडली तर तुमची बाकीची मांजरंही परत पाठवली जाऊ शकतात. मांजराला नेताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि तोंड तुमच्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. रिंगच्या, म्हणजे परीक्षणाच्या जागेतल्या, पिंजऱ्यात ठेवल्यावर कडी दोनदा तपासा आणि बाजूला व्हा. परीक्षकांशी मांजराबद्दल बोलू नका. दुसऱ्याच्या मांजराला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि लावलात तर आपल्या मांजराकडे परतण्याआधी हात निर्जंतुक करा.

घरी परतलात की कपडे लगेच धुवायला टाका आणि शोला गेलेलं मांजर बाकीच्यांपासून दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. तिथली भांडी, वाळूचा ट्रे आणि कंगवा वेगळा हवा, आणि त्या खोलीतलं काम दिवसाच्या शेवटी करा. शिंका, डोळ्यांतून पाणी, केस गळलेला गोल चट्टा यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.